पुण्यात ए३२० सिम्युलेटरचा एक तास: तो कसा वापरावा?

कोथरूडची_घार

पुण्यातल्या एका सेंटरमध्ये एअरबस ए३२० या प्रवासी विमानाच्या फिक्स्ड-बेस सिम्युलेटरचा ६० मिनिटांचा स्लॉट घेतला आहे. कॉकपिट हलत नाही. समोर गोलाकार पडदा आणि तीन प्रोजेक्टर आहेत, शेजारच्या खुर्चीत इन्स्ट्रक्टर असतो. घरी पीसीवर जॉयस्टिकने ए३२० उडवायची सवय आहे, त्यामुळे आयएलएस (रेडिओच्या आधाराने उतरायची यंत्रणा), एफसीयू (ऑटोपायलटच्या नॉबचं पॅनेल), एमसीडीयू (उड्डाणाची माहिती भरायचा कीबोर्ड-पडदा) हे शब्द परके नाहीत. पूर्ण आकाराच्या कॉकपिटमध्ये बसण्याची मात्र ही पहिलीच वेळ.

बेत असा आहे: मुंबईला कोल्ड अँड डार्कपासून (सगळं बंद असलेल्या विमानापासून) सुरुवात, डोक्यावरचं ओव्हरहेड पॅनेल सगळं हाताने, मग टॅक्सी, टेकऑफ, घाट ओलांडून लोहगावला (पुणे विमानतळावर) लँडिंग.

हे एका तासात बसेल का? ऑटोथ्रस्ट (वेग टिकवायला इंजिनांची पॉवर आपोआप बदलणारी यंत्रणा) चालू ठेवावा की बंद? सेंटरला आधी काय काय विचारून घ्यावं? त्यांच्याकडे बोइंग ७३७ सुद्धा आहे आणि स्लॉट बदलून मिळतो, तर बदलावा का? शिवाय न हलणाऱ्या सिम्युलेटरमध्येही मळमळतं असं वाचलं आहे, त्यावर उपाय असेल तर तोही सांगा.

तीन_अंश

बसेल, पण जेमतेम. आणि तासाच्या शेवटी जमेला एक टेकऑफ आणि एक लँडिंग एवढंच राहील.

हिशोब करा. कोल्ड अँड डार्कपासून दोन्ही इंजिनं सुरू होईपर्यंत सरावलेल्या माणसालाही १२ ते १५ मिनिटं लागतात. पुशबॅक आणि टॅक्सीला ८-१०. हवेत पंचवीसेक. मुंबई-पुणे विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम १२०-१२५ किलोमीटर, म्हणजे वर चढून विमान सरळ होतंय तोवर उतरायची तयारी. त्यातही बहुतेक वेळ ऑटोपायलट उडवणार आणि तुम्ही नॉब फिरवणार. ते घरच्या पीसीवरही होतं, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

सेंटरमध्ये मिळतात आणि घरी मिळत नाहीत अशा गोष्टी तीनच: खऱ्या मापाच्या थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची पॉवर ठरवणाऱ्या दांड्या), पायाखाली खऱ्या अंतरावरची पेडल्स, आणि डोळ्यांच्या कडांपर्यंत पसरलेलं दृश्य. या तिन्हींचा कस शेवटच्या ५०० फुटांत लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की तासातली ३५-४० मिनिटं फक्त अप्रोचला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याला, द्या. इन्स्ट्रक्टरला एक पोझिशन सेव्ह करायला सांगा: ८ नॉटिकल मैल फायनल (धावपट्टीच्या सरळ रेषेत), लोकलायझर आणि ग्लाइडस्लोपवर (आयएलएसच्या दिशेच्या आणि उताराच्या रेषांवर), गिअर म्हणजे चाकं खाली, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) फुल. १४० नॉटने ८ मैल म्हणजे साडेतीन मिनिटं. थांबणं, चुकलं काय ते बोलणं आणि रीसेट धरून पाच. चाळीस मिनिटांत आठ लँडिंग होतात, आणि पहिल्या व आठव्यातला फरक तुम्हालाच दिसेल.

जायच्या आधी थोडे आकडे पाठ करा. ६० टनांच्या आसपास वजन आणि फ्लॅप्स फुल असताना अप्रोचचा वेग १३५ च्या जवळपास, नाक अडीच-तीन अंश वर, एन१ (इंजिनाच्या पंख्याची गती) ५० ते ५५ टक्के. ग्राउंडस्पीडला ५ ने गुणलं की तीन अंशांच्या उतारासाठी मिनिटाला किती फूट उतरायचं ते मिळतं: १४० गुणिले ५, म्हणजे ७००. व्हर्टिकल स्पीड १,००० च्या पुढे गेला तर काहीतरी बिघडलंय, मग कारण शोधत न बसता सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे साइडस्टिक (बाजूला असलेली छोटी कंट्रोल स्टिक) ढवळणं. ए३२० मध्ये नॉर्मल लॉ (नियंत्रण-संगणकांची नेहमीची अवस्था) असताना स्टिक मागे ओढली की तुम्ही थेट एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) हलवत नसता, 'एवढा जी दे' (गुरुत्वाच्या पटीत एवढा भार दे) अशी मागणी करत असता. स्टिक सोडली की विमान त्याच मार्गावर राहतं आणि ट्रिम (स्टिक न धरता विमान तसंच राहावं म्हणून करायची जुळवणी) आपोआप होतो. त्यामुळे पद्धत अशी: छोटा धक्का द्या, स्टिक मध्यावर सोडा, परिणाम दिसेपर्यंत थांबा. पीसीवरची सवय असते ती सतत दुरुस्त्या करत राहायची. तसं केलं की विमान डोलायला लागतं, ते थांबवायला आणखी मोठा धक्का दिला जातो, आणि २०० फुटांवर पंख झुलताना दिसतात. असं झालं तर दोन सेकंद हात पूर्ण सैल सोडा. विमान शांत होतं.

लोहगाव_१०_२८

वरच्या आराखड्याशी सहमत. पण आठही अप्रोच मुंबईला करू नका, निम्मे पुण्यात करा. पुण्याचे आकडे वेगळे आहेत आणि शिकण्यासारखे आहेत.

लोहगावची उंची १,९४२ फूट. क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारी अल्टिमीटरची सेटिंग) लावलेला असताना जमिनीवर उभं विमानही १,९४० च्या आसपास दाखवतं. मुंबईच्या सवयीने '५ मैलांवर १,७०० फूट' असं डोक्यात असेल तर पुण्यात तुम्ही जमिनीखाली असाल. पुण्यासाठी धावपट्टीच्या टोकापासून १० मैलांवर ५,२००, ५ मैलांवर ३,६००, ३ मैलांवर २,९५० हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून न्या. दर मैलाला ३२० फूट धरले की मधले आकडे तोंडी निघतात.

दुसरं, हवा विरळ आणि गरम असते. तापमान ३० अंश ठेवलं तर १३७ नॉट इंडिकेटेडला (वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाला) प्रत्यक्षातला वेग पुण्यात १४६ च्या घरात जातो, मुंबईत तो १४१ असतो. म्हणजे उतार तोच राहायला मिनिटाला ७०० ऐवजी ७३० फूट उतरावं लागतं, आणि जमिनीला लागताना ऊर्जा सातेक टक्के जास्त. धावपट्टीही आखूड: पुण्याची २,५३५ मीटर, मुंबईची ०९/२७ साधारण ३,४५० मीटर. मुंबईत तरंगत ९०० मीटरवर टेकलं तरी खपून जातं, पुण्यात तेच केलं तर पुढचं टोक अंगावर येतं. एमिंग पॉइंटचे दोन जाड पांढरे पट्टे टोकापासून सुमारे ४०० मीटरवर असतात, ते काचेत एकाच जागी स्थिर दिसले पाहिजेत. वर सरकत असतील तर तुम्ही आखूड पडताय, खाली सरकत असतील तर लांब जाताय. पापीचे (उतार बरोबर आहे का ते दाखवणाऱ्या धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांचे) दोन पांढरे, दोन लाल. ऑटोब्रेक मीडियमवर ठेवा.

तरीही मुंबईहून उडत यायचंच असेल तर एक सांगतो. पुण्यात सर्किटची (विमानतळाभोवतीच्या फेरीची) उंची ३,५०० फूट, म्हणजे जमिनीपासून दीड हजार, म्हणून लोणावळ्यावरच ३,५०० ला येऊ नका. लोहगड-विसापूरचे माथे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहेत, फुटांत साधारण साडेतीन हजार. तिथे 'टेरेन'चा (जमीन जवळ असल्याच्या इशाऱ्याचा) आवाज येईल तो बरोबरच असेल. धावपट्टी १० ला यायचं तर शेवटचे दहा मैल पिंपरी-चिंचवडच्या डोक्यावरून, २८ ला यायचं तर वाघोलीच्या बाजूने. मूळ सीनरीत २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल असेलच असं नाही, त्यामुळे इमारत शोधत बसू नका. धावपट्टी आणि पापी बरोबर असले की पुरे.

सुटे_भाग

सेंटरला काय विचारायचं आणि ए३२० की ७३७, एवढ्यावरच लिहितो. दोन्हींचं उत्तर हार्डवेअरमध्ये आहे.

ए३२० च ठेवा. खऱ्या ए३२० च्या साइडस्टिकमध्येही हाताला जाणवतो तो फक्त स्प्रिंगचा जोर, हवेचा दाब तिथपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे सेंटरमधली स्प्रिंगवाली स्टिक खऱ्याच्या बरीच जवळ जाते. ७३७ चं योक (स्टिअरिंगसारखं हँडल) मात्र वेगानुसार जड-हलकं होतं, त्यासाठी विमानात एलेव्हेटर फील कॉम्प्युटर असतो. हौशी सिम्युलेटरच्या योकमध्ये बहुधा साधी स्प्रिंग असते, २५० नॉटला जेवढी जड तेवढीच १४० ला. शिवाय ७३७ मध्ये वेग किंवा पॉवर बदलली की अंगठ्याने ट्रिम करावं लागतं, आणि इंजिनं पंखाखाली असल्याने पॉवर वाढवली की नाक वर जातं. शिकायला ते उत्तम आहे, पण पहिल्या एका तासात अर्धा वेळ ट्रिमशी झगडण्यात जाईल. दुसऱ्या स्लॉटला ७३७ घ्या.

आता फोनवर विचारायच्या गोष्टी. पोझिशन सेव्ह आणि फ्रीझ करता येते का? येत नसेल तर वरचा आठ लँडिंगचा बेत विसरा. ओव्हरहेडवरची कोणती बटणं जोडलेली आहेत आणि कोणती नुसती छापील? थ्रस्ट लिव्हरचे डिटेंट (ठरलेल्या जागांच्या खाचा) खरोखर हाताला लागतात का? दृश्य कोणत्या खुर्चीसाठी जुळवलेलं आहे?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एअरलाइनच्या लेव्हल-डी (सर्वांत वरच्या दर्जाच्या) सिम्युलेटरमध्ये कॉलिमेटेड डिस्प्ले असतो, आरशातून येणारं चित्र दोन्ही खुर्च्यांना अनंतावर दिसतं. साध्या गोलाकार पडद्यावर चित्र प्रत्यक्षात दोन-तीन मीटरवर असतं आणि ते एकाच बिंदूवरून बरोबर दिसतं. तो बिंदू कॉकपिटच्या मध्यावर धरलेला असेल तर डावीकडे बसल्यावर धावपट्टी किंचित बाजूला सरकलेली वाटते आणि माणूस नकळत मध्यरेषेच्या एका बाजूला उतरतो. व्ह्यूपॉइंट तुमच्या खुर्चीसाठी लावून मागा. ते जमत नसेल तर शेवटपर्यंत पीएफडीवरचा (वेग, उंची दाखवणाऱ्या मुख्य पडद्यावरचा) लोकलायझर आणि एनडीवरचा (शेजारच्या नकाशा-पडद्यावरचा) ट्रॅक यांच्यावर भरवसा ठेवा.

बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तपासणी. खुर्ची आधी पुढे-मागे, मग वर-खाली. खऱ्या विमानात समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर लाल आणि पांढरे छोटे गोळे असतात, लाल गोळ्याने पांढरा झाकला की डोळे योग्य उंचीवर आले. सेंटरमध्ये गोळे नसतील तर ग्लेअरशील्डच्या (काचेखालच्या पुढे आलेल्या कडेच्या) वरून नाकापुढची जमीन दिसेल आणि पीएफडी पूर्ण दिसेल अशी उंची धरा. टाचा जमिनीवर ठेवा, चवडे पेडलच्या खालच्या भागावर. चवडे वर सरकले की टेकऑफला रडर देताना नकळत ब्रेक लागतो, विमान एका बाजूला ओढतं आणि दोष वाऱ्यावर जातो.

मग स्टिक. पहिलं इंजिन सुरू झालं की जमिनीवर असताना पीएफडीवर स्टिकची स्थिती दाखवणारी पांढरी फुली येते. स्टिक सोडून द्या. फुली मध्यावर यायला हवी. जरा बाजूला राहत असेल तर पोटेंशिओमीटर (स्टिकची स्थिती मोजणारा भाग) घसरला आहे, कॅलिब्रेशन करून घ्या. हे आधी केलं नाही तर हवेत विमान हळूहळू एका बाजूला कलत राहील आणि तुम्हाला वाटेल आपलाच हात वाईट आहे. लिव्हरचंही तसंच: आयडलच्या खाचेत असताना पडद्यावर खरंच आयडल येतंय का ते पाहा.

एक लक्षात ठेवा, डाव्या खुर्चीत स्टिक डाव्या हातात असते. उजव्या हाताच्या जॉयस्टिकची सवय असेल तर पहिले दोन अप्रोच वाकडे जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. टॅक्सी आणि टिलर (जमिनीवर विमान वळवायचं हँडल) फारसा करायचा नसेल तर उजवी खुर्ची घेतली तरी चालेल.

कोथरूडची_घार

सगळ्यांचे आभार, हे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. ए३२० पक्कं. मुंबई-पुणे पूर्ण उड्डाण सोडायला तयार आहे, पण इंजिन स्टार्ट हाताने करायची फार इच्छा आहे. तो अगदीच सोडावा का? ऑटोथ्रस्टबद्दल अजून कोणी बोललं नाही. आणि फ्लेअर (टेकण्याच्या आधी नाक उचलणं) नेमका कधी, किती?

ढगापलीकडे

इंजिन स्टार्ट सोडू नका. ओव्हरहेडची बटणं बोटाखाली दाबली जाणं, एपीयूचा (शेपटीतल्या छोट्या मदतनीस इंजिनाचा) आवाज चढत जाणं, हा सुद्धा विमानवेड्याचा हक्काचा भाग आहे. फक्त तो ७-८ मिनिटांत बसवा.

वेळ खाणारी गोष्ट एकच: एडिरूचं (विमानाची जागा आणि दिशा ओळखणाऱ्या यंत्रणेचं) अलाइनमेंट, खऱ्या वेळेने सात ते दहा मिनिटं. इन्स्ट्रक्टरला ते आणि एमसीडीयू आधीच करून ठेवायला सांगा. म्हणजे तुम्ही बसाल तेव्हा विमान ग्राउंड पॉवरवर असेल. तिथून एपीयू मास्टर स्विच, तीन सेकंद थांबून स्टार्ट, 'अव्हेल' दिसलं की एपीयू ब्लीड (इंजिन फिरवायला लागणारी दाबाची हवा) चालू आणि बाहेरची पॉवर बंद. फ्युएल पंप, बीकन. मग इंजिन मोड सिलेक्टर इग्निशन-स्टार्टवर आणि दोन नंबरचा मास्टर आधी. दोन नंबर आधी घ्यायची प्रथा आहे कारण पार्किंग ब्रेकला दाब देणारी यलो हायड्रॉलिक यंत्रणा त्या इंजिनाच्या पंपावर चालते. सीएफएम५६ जातीचं इंजिन असेल तर एन२ (इंजिनाच्या आतल्या भागाची गती) १६ टक्क्यांना इग्निशन, २२ ला इंधन, ५० ला स्टार्ट व्हॉल्व्ह बंद, आणि शेवटी एन१ विसाच्या जवळ स्थिरावतो. हे आकडे पडद्यावर क्रमाने येताना बघण्यातच मजा आहे, त्या वेळी दुसरीकडे हात घालू नका. मग एक नंबर. दोन्ही झाले की मोड सिलेक्टर नॉर्मलवर, एपीयू ब्लीड बंद. हे विसरणारे बरेच असतात.

टॅक्सी मात्र कापा, थेट धावपट्टीच्या टोकावर ठेवायला सांगा. मळमळीचं उत्तर इथेच आहे. कडेपर्यंत पसरलेलं दृश्य वळतं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण स्थिर आहोत, आणि दोघांचं जुळत नाही. ही विसंगती सर्वांत तीव्र असते ती जमिनीवरच्या ९० अंशांच्या वळणांत, हवेत कमी. टॅक्सी करायचीच असेल तर वळताना १० नॉटच्या आत राहा आणि नजर दूर ठेवा, खालच्या पिवळ्या रेषेवर नको. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब नको. घाम किंवा जांभया सुरू झाल्या तर लगेच फ्रीझ करायला सांगा आणि नजर कॉकपिटच्या आतल्या एखाद्या स्थिर वस्तूवर आणा. 'अजून एक लँडिंग मारू' म्हणून रेटलं तर उरलेला तास वाया जातो. रीसेट करतानाही दृश्य झर्रकन उडी मारतं, त्या क्षणी डोळे मिटा.

तीन_अंश

स्टार्टच्या बाबतीत ढगापलीकडे यांचं पटलं, आठ मिनिटांचा स्टार्ट जरूर करा.

ऑटोथ्रस्ट: पहिले चार अप्रोच चालू ठेवून. एका वेळी एकच गोष्ट शिका, आधी मार्ग, मग वेग. एअरबसमध्ये लिव्हर क्लाइंबच्या खाचेत ठेवलेली असते आणि ऑटोथ्रस्ट पॉवर बदलला तरी लिव्हर हलत नाही, त्यामुळे हात लिव्हरवर आणि डोळे एन१ वर ठेवायची सवय लावा. पाचव्यापासून बंद करा. बंद करताना आधी लिव्हर सध्याच्या एन१ शी जुळेल इतकी मागे आणा आणि मग लिव्हरवरचं लाल बटण दाबा. थेट दाबलं तर लिव्हर क्लाइंबमध्ये आहे म्हणून इंजिनं क्लाइंब पॉवरकडे झेपावतात आणि वेग बघता बघता फ्लॅप्स फुलच्या १७७ नॉटच्या मर्यादेकडे धावतो.

फ्लेअर. रेडिओ अल्टिमीटर ५०, ४०, ३०, २० असं बोलतो. या आकड्यांची लय ऐका: एकसारख्या चालीत आले तर उतरण्याचा वेग बरोबर, घाईघाईने आले तर जास्त. ३० ला स्टिक हळूच मागे, नाक दोनेक अंश वर, आणि तिथेच धरून ठेवा. पुण्यात वेग जास्त म्हणून किंचित आधी. याच वेळी नजर नाकासमोरच्या जमिनीवरून उचलून धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर न्या. जवळ बघत राहिलात तर जमीन अंगावर आल्यासारखी वाटते, हात जास्त ओढतो, विमान तरंगतं. ए३२० मध्ये ५० फुटांखाली फ्लेअर मोड लागतो आणि ३० पासून तो नाक हळूहळू खाली न्यायला बघतो, म्हणून इथे स्टिक सोडून चालत नाही, हलका मागचा दाब ठेवावाच लागतो. वर मी 'सोडा' म्हटलं ते ५० फुटांच्या वरसाठी.

२० ला 'रिटार्ड' ऐकू येईल. ही सूचना नाही, आठवण आहे: लिव्हर तोवर आयडलला जायला हव्यात. क्लाइंबमध्ये राहून गेल्या तर ऑटोथ्रस्ट वेग टिकवत राहतो, विमान धावपट्टीवरून तरंगत जातं, आणि चाकं टेकली तरी ग्राउंड स्पॉयलर (विमान जमिनीवर दाबून ठेवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) उघडत नाहीत, कारण त्यांना लिव्हर आयडलला लागतात. नवख्यांच्या लांब लँडिंगमागे बहुतेकदा हेच असतं. पिच १० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, शेपूट घासेल. टेकल्यावर रिव्हर्स (इंजिनांचा उलटा जोर), नाक हळू खाली, पेडलने मध्यरेषा.

पहिले सहा अप्रोच वारा शून्य. मग बाजूने १० नॉट, सातवा आणि आठवा त्यात. फ्लेअरमध्ये रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणा आणि वाऱ्याकडच्या पंखाला जरासं खाली धरा.

कोथरूडची_घार

मग असा बेत पाठवते सेंटरला: २ मिनिटं खुर्ची, पेडल्स, स्टिक. ८ मिनिटं स्टार्ट, पहिलं इंजिन लागताच फुलीची तपासणी. मुंबई २७ वरून एक टेकऑफ, एक सर्किट, १० मिनिटं. मुंबईत तीन अप्रोच, पुण्यात पाच. तापमान ३०, वजन ६० टन.

सुटे_भाग

चांगला आहे, एकच बदल. वजन नुसतं '६० टन' असं सांगू नका, झेडएफडब्ल्यू (इंधनाशिवायचं वजन) ५६ आणि इंधन ४ टन असं वेगळं द्या. नाहीतर ऑपरेटर टाक्या आधीच्या सेशनच्याच ठेवतो आणि एमसीडीयूत जुनंच वजन राहतं. मग पीएफडीवरचा व्हीएलएस (सर्वांत कमी सुरक्षित वेग) आणि एमसीडीयूने काढलेला व्हीअ‍ॅप (अप्रोचचा वेग) यांचा मेळ बसत नाही. टेकऑफच्या आधी लोअर ईकॅमच्या (यंत्रणांची स्थिती दाखवणाऱ्या खालच्या पडद्याच्या) कोपऱ्यात ग्रॉस वेट ६० च्या आसपास दिसतंय ना, ते स्वतः पाहून घ्या.